पेटी आणि पाळी

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत निवडीचे जे प्रसंग येतात ते बहुधा मोठे असतात. नचिकेत्यापुढे श्रेय आणि प्रेय उभे राहतात, अर्जुनापुढे स्वजन आणि स्वधर्म. सामान्य माणसाच्या वाट्याला असे प्रसंग आयुष्यात एकदोनदाच येतात, आणि आले तरी ते ओळखू येतातच असे नाही. त्याच्या रोजच्या निवडी बाजारातल्या असतात. बाजारातली निवड ही निव्वळ सोयीची आणि ऐपतीची बाब, तिथे धर्माधर्म कसला, असे आपण धरून चालतो. साबणापुरते मला हे मान्य आहे. परंतु यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्या अंबाजोगाईच्या घरात एका खरेदीवरून जो वाद चालला आहे, तो ऐकताना हा समज सर्वत्र लागू पडत नाही असे मला वाटू लागले आहे.

नववीतल्या नातवाला व्हिडिओ गेमचा कन्सोल घ्यायचा आहे. (मी त्याला पेटी म्हणतो. नातू हसतो, पण त्याला कळते.) घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. बीड जिल्ह्यात राहून पन्नास हजारांचा खेळ विकत घेणे शोभते का, असे एका स्नेह्याने मला विचारले. ऊसतोडीला निघालेल्या एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, मुकादमाकडून मिळणारी उचल अनेकदा याच आकड्याच्या आसपास असते, ही गोष्ट खरी आहे आणि ती विसरू नये. पण या तुलनेने प्रश्न सुटत नाही. तिच्या जोरावर घरातल्या निम्म्या वस्तू बाहेर काढाव्या लागतील, आणि हा दिवाळी अंकही त्यांत जाईल. शिवाय स्नेह्यांच्या मनात ‘गेम’ म्हणजे मोबाइलवरची पैशांची रमी होती. असे पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केला. आमच्या पेटीचा त्याच्याशी संबंध नाही.

वाद आहे तो कोणती पेटी घ्यावी याचा. घरात माणसे चार आणि मते तीन आहेत. मुलगा बँकेत आहे. त्याचे मत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या पेटीला. २०२० च्या नोव्हेंबरात ती भारतात आली तेव्हा तिची किंमत ३४,९९० रुपये होती. तिच्यात डिस्क घालण्याची खाचच नाही. खेळ सारे इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे, आणि महिन्याची वर्गणी भरली की शेकडो खेळांचे भांडार खुले. सूनबाईंचे मत निन्टेन्डोच्या स्विचला, कारण तिच्याबरोबरच दोघांना खेळता येतील असे दोन छोटे कंट्रोलर येतात. एकट्याने खेळायचा खेळ घरात आणायचाच कशाला, हे त्यांचे म्हणणे मला फार पटते. पण आपल्याकडे ती मिळते ती कोणी बाहेरदेशाहून आणलेली. बिघडली तर दाद कोणाकडे मागायची? म्हणून ते मत, उत्तम असूनही, मागे पडले. उरले माझे मत. सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे दोन प्रकार आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत ती इथे आली तेव्हा डिस्क चालणारी पेटी ४९,९९० रुपयांना होती, डिस्क न चालणारी ३९,९९० ला. पुढे किमती बदलल्या, पण त्या वेळी एका खाचेचे मोल दहा हजार रुपये ठरले होते. मी त्या खाचेच्या बाजूचा आहे.

मुलाला वाटते, हा म्हाताऱ्या माणसाचा हातात धरता येणाऱ्या वस्तूविषयीचा मोह आहे. तसा तो थोडासा असेलही. पण माझे कारण निराळे आहे, आणि ते आमच्या गल्लीत आहे.

गल्लीतल्या पाच मुलांनी एक भिशी चालवली आहे. दोघांच्या घरी जुन्या, वापरलेल्या प्लेस्टेशन ४ आहेत. बाकी तिघांकडे, म्हणजे माझ्या नातवासकट, पेटी नाही. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये जमवायचे, पुरेसे झाले की एक वापरलेली डिस्क मागवायची (मुले तिला सीडीच म्हणतात), आणि ती पाळीपाळीने आठ-आठ दिवस एकेकाकडे ठेवायची. आता ज्याच्याकडे पेटीच नाही त्याने डिस्क घरी नेऊन करायचे काय? मुलांनी याचे उत्तर कोणाला न विचारता काढले. ज्याची पाळी, त्याच्या हाती डिस्क. ती घेऊन तो ज्या घरी जाईल, तिथे त्या दिवशी खेळ.

या मुलांतला एक आमच्या मागच्या गल्लीत आजीजवळ राहतो. आईबाप दरवर्षी कोयत्यावर जातात. एरवी तो कोणाच्या दारात आला तर चौकटीला हात लावून उभा राहतो, कोणी ‘ये’ म्हणेपर्यंत. पाळीच्या आठवड्यात मात्र तो डिस्कचा डबा काखेत मारून येतो, चपला काढतो आणि सरळ आत जाऊन बसतो. हा फरक मी ओट्यावर बसून अनेकदा पाहिला आहे. मुलगा तोच, घर तेच, खेळही तोच. बदलते एवढेच की त्या दिवशी खेळ त्याने आणलेला असतो.

मुलगा म्हणतो, “अण्णा, त्याला कोणी नको म्हटलंय का? आपली पेटी आली की येऊ द्या की रोज.” हे तो मनापासून म्हणतो, आणि त्याचे मन मोठे आहे. पण ‘येऊ द्या’ या शब्दांत देणारा आणि घेणारा ठरून गेलेले असतात. यजमानाच्या चांगुलपणावर उभा असलेला खेळ परीक्षेच्या दिवसांत, पाहुणे आले असताना, किंवा नुसते कोणाचे डोके दुखत असताना बंद पडतो, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पाळी ही दानाहून वेगळी गोष्ट आहे. ती मागावी लागत नाही. आणि पाळी चालायची तर हातातून हातात जाणारी वस्तू लागते. एक्सबॉक्स सिरीज एस घेतली तर नातवाच्या पेटीत खेळ शेकडो येतील, पण तो भिशीतून बाहेर पडेल. डिस्कची प्लेस्टेशन ५ घेतली तर भिशीत तिसरी पेटी येईल, कारण प्लेस्टेशन ४ च्या जवळजवळ सगळ्या डिस्क तिच्यावर चालतात.

कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम नावाची पेटी काढली. नव्वदच्या दशकात तिच्या नकलांनी आपला बाजार भरून गेला. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो. मुले दप्तरातून कॅसेटी आणत आणि मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल करीत. कोणाचीही कॅसेट कोणाच्याही पेटीत बसे. चालली नाही तर काढून फुंकर मारायची, की बहुधा चाले. एकेका कॅसेटीवर हजारो खेळांची संख्या छापलेली असे, आणि आत तेच पाचदहा खेळ नावे पालटून पुन्हापुन्हा येत. तो सगळा व्यवहार नकलेचा होता आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. तरी त्या चोरीच्या मालात जो मोकळेपणा होता तो पुढे रीतसर मालातून हळूहळू काढून घेण्यात आला, हे नमूद करणे भाग आहे.

२०१३ सालची गोष्ट तर नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी एक्सबॉक्स वन ही नवी पेटी जाहीर केली आणि तिच्यासोबत काही नियम सांगितले. पेटीने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची. डिस्क मित्राला देता येईल, पण एकदाच, आणि तो मित्र तुमच्या यादीत निदान तीस दिवसांपासून असला पाहिजे. मैत्रीला किती दिवस झाले म्हणजे ती मैत्री, हे कारखानदाराने ठरवायचे! लोक खवळले. सोनीने त्याच सुमारास एक छोटी चित्रफीत काढली. तिच्यात प्लेस्टेशन ४ चा खेळ मित्राला कसा द्यावा हे दाखवले होते. एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा घेतो, संपले. जूनच्या १९ तारखेला मायक्रोसॉफ्टने ते नियम मागे घेतले. सोनीच्या अंगी औदार्य होते म्हणून तिने असे केले, असे मी म्हणणार नाही. तिला गिऱ्हाईक हवे होते. डिस्क न चालणारी प्लेस्टेशन पुढे तिनेच काढली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या प्लेस्टेशन ५ प्रो या महागड्या पेटीत खाच नव्हतीच. ज्याला हवी त्याने ती वेगळी विकत घेऊन जोडायची.

डिस्क हातात असली म्हणजे सारे सुरक्षित, असेही नाही. ‘द क्रू’ नावाचा मोटारींचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली काढला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. तो खेळ सर्व्हरशिवाय चालत नसल्याने ज्यांच्या कपाटात डिस्क होती तेही तसेच बसले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की विक्रेत्याने डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून देताना, तुम्हाला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणजे तोपर्यंत ते न सांगता चालत होते.

मुलाने माझ्यावर टाकलेला सर्वांत अवघड पेच याच्या पुढचा आहे. तो म्हणाला, “अण्णा, तुम्ही जन्मभर वाचनालयाचं काम केलंत. वर्गणी भरा, हवं ते पुस्तक न्या, वाचा, परत करा. मग या वर्गणीतच तुम्हाला काय खटकतं?” मी दोन दिवस याचा विचार केला. पेच खरा आहे, कारण पुस्तक स्वतःच्या मालकीचे असावे असा माझा आग्रह कधीच नव्हता. उलट, ज्या गावात पुस्तके फक्त मालकांच्या कपाटांत असतात त्या गावाची मला कीव येते. तेव्हा मालकी विरुद्ध वर्गणी असा हा झगडा नाही, हे मला मान्य करावे लागले.

तरी दोन वर्गण्यांत अंतर आहे. वाचनालयाचे पुस्तक बाद करायचे तर कार्यकारिणीत ठराव आणावा लागे, आणि वार्षिक सभेत कोणीही सभासद उठून ‘अमुक पुस्तक का काढले’ असे विचारी. विचारीत, आणि भांडतही. वर्गणी चार आणे वाढवायची म्हटले तरी सभा तापे. या नव्या भांडारातले खेळ येतात आणि जातात, ते कोणत्या सभेत ठरते? २०२५ च्या ऑक्टोबरात एक्सबॉक्सची सर्वांत वरच्या दर्जाची वर्गणी अमेरिकेत महिन्याला सुमारे २० डॉलरची ३० डॉलर झाली. सभासदांना ते कळवण्यात आले. आणखी एक अंतर आहे, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. वाचनालयाचे पुस्तक एकाने नेले तरी घरातली चार माणसे ते वाचीत, शेजारी वाचीत, आणि वाचनालयाला त्याचा आनंदच होता.

मुलाने हे ऐकून घेतले आणि आकडेमोड पुढे केली. डिस्कची पेटी महाग, वर डिस्कचे पैसे निराळे. त्यावर मीही एक हिशोब मांडला. आजचा मोठा खेळ शंभर जीबीचा असतो. आमच्या घरी फायबरची लाइन आहे म्हणून तो एका रात्रीत उतरेल. पण ज्या घरात रोजचे दोन जीबी मोबाइलवर मिळतात तिथे पन्नास दिवस दुसरे काही न करता बसावे लागेल. मुलगा म्हणाला, आपल्याला काय त्याचे, आपली लाइन आहे. हेही बरोबरच. माझा हिशोब दुसऱ्यांच्या घरचा होता.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. पेटी नातवाची आहे. मी तिच्यातून गल्लीचे हित साधू पाहतो आहे, हे मला दिसते. माझ्या मूल्यांसाठी मी त्याला शेकडो खेळांपासून दूर ठेवावे काय? मुलगा म्हणतो त्याप्रमाणे दोनतीन वर्षांत ही पाचही मुले लातूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशी पांगतील, भिशी मोडेल, आणि महागाची पेटी तेवढी मागे राहील. याला माझ्याजवळ उत्तर नाही. मोडणाऱ्या गोष्टी मोडेपर्यंत तरी जपाव्यात, एवढेच मी म्हणू शकतो, आणि ते दहा हजार रुपयांचे कारण होते की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. नातवाला मी सरळ विचारले. तो म्हणाला, “आबा, एक्सबॉक्समधे खेळ लई येतात. पण मग पाळीत मी काय देऊ?” त्याचा कौल कोणत्या बाजूला पडला हे त्यालाही सांगता आले नाही.

सध्या मुलांपुढे दुसराच प्रश्न आहे. त्या मुलाची आजी यंदा फार थकली आहे. “गुर्जी, मला सवताचंच होईना, लेकराचं कोण बघावं?” म्हणून पाडवा झाला की तोही आईबापांबरोबर गाडीत बसून जाणार, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतणार नाही. पाच महिने धरले तर त्याच्या चार पाळ्या बुडतात. काल ओट्यावर बैठक बसली. एकाचे म्हणणे, नाही त्याची पाळी गळाली. दुसऱ्याचे म्हणणे, चारही पाळ्या जमा धरायच्या आणि तो आला की महिनाभर डिस्क त्याच्याकडेच. यावर एकमत होत आले होते, तेवढ्यात तिसऱ्याने विचारले की मग तेवढ्या महिन्यांचे शंभर-शंभर रुपये त्याने भरायचे की नाही. नातू माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, त्यालाच विचारा. तो आजीचे औषध आणायला गेला होता.