न दुखणारे दुखणे

देवाने जगात वेदना का ठेवली, हा प्रश्न ईयोबाच्या काळापासून माणूस विचारीत आला आहे. आपल्या प्रार्थनासभांत येणाऱ्या पुष्कळशा विनंत्या वेदना दूर व्हाव्यात म्हणूनच असतात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु वेदना नाही म्हणजे आरोग्य आहे, असे जे आपण मनात धरून चालतो ते कितपत खरे? मधुमेह आपणांस ह्याचा विचार करावयास लावतो.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू खराब होत जातात. डोळ्यांच्या दृष्टिपटलातील वाहिन्या झिरपू लागतात, मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, पाय बधिर होतात. मोठ्या वाहिन्याही अरुंद होऊन हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढतो. सुरुवातीस ह्यातले बहुधा काहीच दुखत नाही. काहींच्या पायांची आग होते, मुंग्या येतात. पण पुष्कळांचे पाय मुकाट्याने बधिर होतात. खडा टोचला, वहाणेने कातडे सोलले, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि शेवटी पाय कापण्याची पाळी येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे 10 कोटी लोकांस मधुमेह आहे, आणि त्याचे सर्वांत अधिक प्रमाण गोव्यात, प्रौढांपैकी 26.4 टक्के, आढळले. तेव्हा हा प्रश्न आपल्या मंडळीतील बाकांवरच बसलेला आहे.

ह्या बाबतीत डॉ. पॉल ब्रँड यांचे कार्य लक्षात घेण्यासारखे आहे. मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 साली दक्षिण भारतात जन्मलेले हे शल्यचिकित्सक वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात असा त्या वेळी समज होता. वेदना कळत नसल्यामुळे ती भाजून, कापून, घासून झिजतात, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत काम करीत असता मधुमेह्यांच्या बधिर पायांतही त्यांना तीच गोष्ट दिसली. वेदना हे देवाचे दान आहे, असे ते सांगत.

त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनेच्या जागी इशारा देणारे यंत्र करून पाहिले. धोका झाला की यंत्र सूचना देई. पण रोगी सूचना मिळूनही हातातले काम सोडीत नसत, किंवा यंत्रच बंद करीत. अखेर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. वेदना आपणांस भाग पाडते. नुसते ज्ञान भाग पाडीत नाही. मग जे दुखत नाही त्याची काळजी माणसाने कशाच्या बळावर घ्यावी?

भीती हे एक उत्तर आहे, पण ती फार दिवस टिकत नाही. दुसरे उत्तर प्रीतीचे आहे. माझे शरीर माझ्या एकट्याचे नाही. ते देवाने सोपविलेले आहे, आणि मी अंथरुणास खिळलो तर भार माझ्या पत्नीवर, मुलीवर, सुनेवर पडणार आहे. आज गोळी चुकविल्याने काही दुखत नाही हे खरे. दहा वर्षांनी ते दुसऱ्या कोणास तरी दुखेल. प्रयत्न व्यर्थही जात नाही. ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 25 टक्क्यांनी कमी आढळले.

मात्र येथे दोष लावणाऱ्यांनी जपून बोलावे. हा रोग अनुवंशानेही येतो, आणि पथ्य पाळूनही काहींस उपद्रव होतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेब मांडू दिला नाही.

प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून इन्सुलीन बंद करणारेही आढळतात. ज्यांच्या शरीरात इन्सुलीन तयारच होत नाही, त्यांच्या जिवावर हे थोड्याच दिवसांत बेतते. बरे वाटणे हा ह्या रोगात पुरावाच नव्हे. प्रभूने कुष्ठरोग्यास शुद्ध केल्यावर स्वतःस याजकाला दाखविण्यास पाठविले, हे विसरू नये. तपासणी करून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली, त्यात एका अवयवाचे दुःख सर्वांस कळते. बधिर पायाला स्वतःचे दुःख कळत नाही; ते दुसऱ्या कोणी तरी पाहिले पाहिजे. आजोबांना वाकता येत नाही, नजर अधू आहे. तर नातवाने रोज रात्री त्यांचे तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वहाण घालण्यापूर्वी झटकून द्यावी. शेकण्याची पिशवी पायाला लावू नये, कुरूप ब्लेडने कापू नये, लहानशी जखम झाली तरी डॉक्टरांस दाखवावी. वर्षातून एकदा डोळे व लघवी तपासून घ्यावी. ज्या मंडळीत पादत्राणे बाहेर काढण्याची रीत आहे, तेथे मधुमेही वडीलधाऱ्यांस ती घालून येऊ द्यावे. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, तर ही रीतही मनुष्यासाठीच आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा पाठ घेताना मुलांस एवढे अवश्य सांगावे की, घरी जाऊन आजीआजोबांचे पाय पाहा. पाय हाती घेण्यास प्रभूला कमीपणा वाटला नाही. आपणांसही तो वाटू नये.