चार्जरजवळचं पाणी कुणाचं?

शेवगावहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यालगत आमची थोडी जागा आहे. मुलगा तिथे विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग स्टेशन काढतोय. शेड, बाकडी, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, सगळं आराखड्यात आहे. आमचं अडलं ते कुलपावर. तो म्हणतो, "आई, किल्ली चार्जिंग करणाऱ्यालाच द्यायची. सगळ्यांना मोकळं ठेवलं तर साफ कोण करणार?"

त्याची काळजी रास्त आहे. पण पेट्रोल भरून माणूस पाच मिनिटांत निघतो. विजेची गाडी जलद चार्जरवरही अर्धा-पाऊण तास घेते. ऐंशी टक्क्यांपुढे तर बॅटरी जपण्यासाठी वेग कमीच होतो. तेवढा वेळ तो माणूस नुसता गिऱ्हाईक राहत नाही, आपल्या दारातला वाटसरू होतो. आणि वाटसरूला पाणी देताना पावती मागायची नसते.

धर्मशास्त्रात यज्ञयागाला इष्ट म्हटलं आहे आणि विहीर, तळं, अन्नदान यांना पूर्त. वेदोक्त यज्ञाचा अधिकार शूद्रांना नाकारणाऱ्या स्मृतींनीही पूर्ताचा अधिकार त्यांना दिला. विहीर बांधायला मुभा होती, पण पाणी प्यायला मात्र जात विचारली गेली. म्हणून 1927 साली बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. आमच्या शेजारच्या पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा आपण लेकरांना सांगतो. ती खरी मानायची, तर तहान हीच पात्रता. आज जातीऐवजी पावती विचारली, तरी बाहेर उभं राहणारा माणूस बहुधा तोच असतो.

दिवाळीच्या सुमारास शेवगाव-पाथर्डीतून ऊसतोडणीच्या गाड्या निघतात. त्यांत बायका असतात, गरोदर लेकीसुना असतात. रस्त्यात त्यांना आडोसा मिळत नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात. त्यांच्यापैकी कुणी आमच्या दारी आली, तर तिला गाडी कुठली म्हणून विचारायचं?

साफसफाईचं उत्तर कुलूप नव्हे, पगार आहे. काम करणाऱ्याला पुरेसा पगार द्यावा, हातमोजे द्यावेत आणि तो खर्च विजेच्या दरात धरावा. पेट्रोल पंपांवर पाणी आणि स्वच्छतागृह मोफत देण्याचा नियम आहेच.

महामार्गांवर आता अशी स्टेशनं वाढत जाणार. ती उभारणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: चार्जरचे पैसे जरूर घ्या, पण पाणी, सावली आणि स्वच्छतागृह येणाऱ्या प्रत्येकासाठी खुलं ठेवा.