सांगितलं म्हणजे झालं?

लोकलच्या अनाउन्समेंटवर लिहितोय म्हटल्यावर एक दोस्त खवळलाच. म्हणाला, अरे, वस्तीवर बुलडोझर येतोय, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात आणि तू स्टेशनावरचा भोंगा घेऊन बसलास?

मी भोंगा घेऊन बसलो नाही. मी सवाल घेऊन बसलोय. ज्याच्या हाती माहिती आहे आणि भोंगाही आहे, त्यानं एकदा तोंड उघडलं की त्याची जबाबदारी संपली काय? समोरच्याला ते कळलं नाही, तर त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर? या सवालाचं उत्तर देताना भलेभले पुस्तकं उघडतील. आपल्याला पुस्तकाची गरज नाही. आपल्या घरात त्याचा इतिहास आहे.

गावात दवंडी कोण द्यायचा? महार, नाहीतर मांग. मयताची खबर घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव कोण पळायचा? महार. म्हणजे हजार वर्षं या देशाचा अनाउन्सर आपणच होतो. आज्जी सांगायची, तिच्या सासऱ्यानं दवंडी दिली आणि एखाद्या आळीला ती ऐकू गेली नाही, तर चावडीवर त्यालाच उभा करायचे. तू त्या अंगाला गेलाच नाहीस, तू हळू ओरडलास. ऐकणाऱ्याला कुणी म्हणत नव्हतं की बाबा, तू लक्ष का दिलं नाहीस? आवाज वाड्यात चालायचा, सावली चालायची नाही, आणि तरी प्रत्येकाच्या कानापर्यंत पोचवायची जोखीम मात्र त्या सावलीवाल्याचीच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते ही वेठ तोडायला. कायद्यानं ही वतनं गेली १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर.

आता भोंगा सरकारच्या हातात आहे आणि खाली फलाटावर उभे आपण. आणि बघा, हिशेब उलटा झालाय. आता न कळल्याचा गुन्हा ऐकणाऱ्याचा.

फलाटावर काय ऐकू येतं ते तुम्हाला मी काय सांगू. वर पत्रा, त्यावर पाऊस, पलीकडून फास्टचा हॉर्न. एका भोंग्यातलं वाक्य संपायच्या आत दुसऱ्या भोंग्यातून त्याचाच धक्का येतो आणि दोन्ही मिळून खिचडी. मधेच साबणाची नाहीतर क्लासची जाहिरात, ती मात्र खणखणीत. मग "फलाट क्रमांक" एवढं कळतं, पुढचा आकडा पत्र्याला चिकटतो. चारवर यायची गाडी पाचवर येणार, हे गाडी दिसायला लागल्यावर सांगतात. तरणा माणूस धावतो. पाटी डोक्यावर असलेली बाई कशी धावेल? पोटुशी कशी धावेल? रोजंदारीवाल्याची गाडी चुकली तर अर्धा रोज जातो, कधी अख्खा. ते पैसे कोण देतं? कुणी नाही. अनाउन्समेंट झाली होती ना!

त्या आवाजाचं एक मात्र मला मान्य आहे. तो जात विचारत नाही. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणतो, त्यात मीही आलो. गावातल्या चावडीनं माझ्या पणज्याला कधी कृपया म्हटलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून शहर ते शहर. पण नुसत्या कृपयानं पोट भरत नाही. समतेनं बोलवायचं आणि मग कळेल असं सांगायचंच नाही, ही अर्धी समता झाली.

पुन्हा ती भाषा. "अपरिहार्य कारणास्तव", "तांत्रिक बिघाडामुळे", "गैरसोयीबद्दल दिलगिरी". दिलगीर कोण आहे? नाव नाही, गाव नाही. गाडी किती वेळ येणार नाही, थांबू की बसनं जाऊ, हे एवढंच माणसाला पाहिजे असतं आणि तेवढंच सांगत नाहीत. हुकूम मात्र स्पष्ट असतात. रूळ ओलांडू नका, गुन्हा आहे. आहेच, रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात १४७ कलम आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण माणूस रूळ का ओलांडतो? पूल फलाटाच्या पार टोकाला असतो, त्यावर मुंगी शिरायला जागा नसते आणि कामावर लेटमार्क लागतो, हे भोंगा कधी बोलत नाही.

डब्यात सांगतात, उतरताना पायदान आणि फलाट यांच्यातल्या अंतराकडे लक्ष द्या. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला एक शाळकरी वयाची पोरगी त्या फटीत गेली, दोन्ही हात गेले तिचे. फलाट उंच करायच्या कामाला जोर आला तो त्यानंतर, हायकोर्टानं लक्ष घातल्यावर. अंतर ठेवलं त्यांनी, लक्ष द्यायचं आम्ही. ही रीत आपल्या ओळखीची आहे. पाणवठा वेगळा ठेवायचा त्यांनी आणि शिवू नये म्हणून जपायचं आपण.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. एल्फिन्स्टन रोडचा पूल, ज्या स्टेशनाला पुढं २०१८ साली प्रभादेवी नाव दिलं. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या, माणसं तेवढीच नाही तर जास्त झाली, आणि जिना तेवढाच अरुंद. पाऊस होता, लोक आडोशाला थांबलेले. फुलवाल्याची फुलं पडली, कुणी ओरडलं "फूल गिर गया", लोकांनी ऐकलं "पूल गिर गया". वाचलेल्या माणसांच्या तोंडून हे तेव्हा पेपरात आलं होतं. वीसहून जास्त माणसं चेंगरून मेली. प आणि फ यांच्यात एका श्वासाचा फरक. गर्दीनं पुलावरच विश्वास का ठेवला? कारण तो पूल पडेल असं त्यांना रोजच वाटत होतं. आणि ज्यांना रोज अर्धंच सांगितलं जातं, ते उरलेलं अर्धं भीतीनं भरून काढतात. अशा वेळी लोकांना अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांना त्या जिन्यावर नऊच्या गर्दीत एकदा उभं करावं.

आता दुसरी बाजू. साचेखात्यात आम्ही कसं बोलतो? यंत्रांच्या खडखडाटात शब्द मरतो. दोरा तुटला, हात सांभाळ, मुकादम आला, हे सांगायचं तर शेजाऱ्याच्या तोंडासमोर जायचं, ओठ मोठे करायचे, हातानं खूण करायची आणि त्याच्या डोळ्यात बघायचं. डोळा हलला की सांगून झालं. नाही हलला तर परत. नाहीतर त्याचं बोट जाईल. सांगणं म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला सुचत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर हेच झालं. गोळीबार सुरू झाल्यावर विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक आपल्या खोलीतून हलले नाहीत. खोलीच्या काचेतून त्यांना खालची माणसं दिसत होती. मोठ्या हॉलकडं येऊ नका, एक नंबर फलाटाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडा, हे ते पुन्हापुन्हा सांगत राहिले. त्यांच्या खोलीवरही गोळी आली. तिथं अपरिहार्य कारण नव्हतं, दिलगिरी नव्हती. कुठून जायचं ते होतं. भोंगा तोच, तार तीच. फरक एवढा की बोलणारा माणसं बघत होता. अपंगांच्या डब्यासमोर फलाटावर ती टूंटूं वाजत असते ना, आंधळ्या माणसाला डबा कळावा म्हणून? एक शब्द नाही तिच्यात, पण ती सांगते. कुणीतरी ऐकणाऱ्याचा विचार करून ती बसवली.

आणि आपण? आपल्या मोर्चाचं पत्रक काढून बघा. "प्रतिगामी शक्तींच्या षड्यंत्राविरुद्ध व्यापक एकजुटीची ऐतिहासिक आवश्यकता." वस्तीतली मावशी ते चपात्या बांधायला घेते. चौदा एप्रिलला आपले भोंगे काय म्हणतात ते भाषण करणाऱ्यालाही कळत नाही. वर आपण म्हणतो, समाज जागा होत नाही. हे त्याच फलाटावरचं बोलणं झालं. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेल्या माणसानं १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत; आणि पुढं ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ गेली ती जलसेवाल्यांच्या गाण्यांतून.

म्हणून एक काम सुचवतो. सहा डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून लाखो माणसं दादरला उतरतात. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या दोन्ही लाइनींचे फलाट एकापुढं एक असे मोजतात, एक ते चौदा. आधी तिथं एक नंबरचे फलाट दोन होते. गैरसमज थोडा कमी झाला, पण नवख्याला दादर ते दादरच. पाच तारखेच्या संध्याकाळपासून आपली पोरं प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी उभी पाहिजेत. घोषणा द्यायला नव्हे, सांगायला. भोंगा म्हणतो "पश्चिमेकडे जा", आणि रात्री दोन वाजता वर्ध्याची म्हातारी पश्चिम कुठं शोधणार? तिला म्हणावं, माय, हा पूल चढ, उजव्या-डाव्याचं डोकं लावू नको, माझ्या मागं ये, समुद्राच्या अंगाला जायचंय.