गळा कोणाचा?

अकोल्याला बहिणीकडे गेलो की माझा मुक्काम भाच्याच्या खोलीत असतो. यंदा दिवाळीत तो ‘फायनल फँटसी’चा सहावा भाग खेळत बसला होता. १९९४ चा जपानी व्हिडिओ गेम, चौकोनी ठिपक्यांची चित्रं. त्यात सेलिस नावाची एक सेनानी आहे. तिला एका नामांकित गायिकेच्या जागी ऑपेरात उभं राहावं लागतं. आधी पदाचे शब्द वाचून पाठ करायचे, मग वाद्यं सुरू झाली की पडद्यावर येणाऱ्या ओळींतली बरोबर ओळ निवडायची. भाचा ओठातल्या ओठात पुटपुटत होता. एक ओळ चुकली, प्रयोग तिथंच थांबला. दुसऱ्या खेपेला जमलं. सेलिस पुष्पगुच्छ घेऊन सज्जाकडे निघाली आणि तो म्हणाला, "मामा, गानं म्या म्हनलं, तिनं नाई."

त्या वाक्यानं मी अडलो. भूमिका एकाची, गळा दुसऱ्याचा, आणि मध्ये संगीतकार. चाल कोणत्या गळ्यासाठी बांधायची, हे त्यालाच ठरवावं लागतं. या मालिकेचे संगीतकार नोबुओ उएमात्सू. त्या काळच्या यंत्राला माणसासारखं गाता येत नव्हतं, म्हणून त्यात आवाजासारखा भासणारा नुसता सूर आहे. शब्द पडद्यावर उमटतात. गळाच नाही, तेव्हा पद सोपवलं खेळणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर. पुढं १९९९ च्या आठव्या भागात फे वाँग या गायिकेचं खरंखुरं गाणं आलं. ते गोड आहे, पण ऐकायचं आहे. सहाव्या भागातलं पद स्वतः म्हणायचं आहे, आणि मला तेच थोर वाटतं.

गळा पाहून चाल बांधायची ही गोष्ट आमच्या अमरावतीला नवी नाही. वीर वामनराव जोशी अमरावतीचे, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले. त्यांचं ‘रणदुंदुभी’ हे नाटक १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं. पदांना चाली दिल्या वझेबुवांनी, म्हणजे ग्वाल्हेर गायकीच्या रामकृष्णबुवा वझे यांनी. अनवट रागांचा त्यांच्याकडे मोठा साठा. त्यातल्या तेजस्विनीची भूमिका मास्टर दीनानाथांची. पुरुषानं स्त्रीचं सोंग घ्यायचं हे तेव्हा रूढच होतं. प्रश्न होता तिनं गायचं कसं. नाजूक, लाजरं गाणं दिलं असतं तर लुगडं शोभलं असतं, पण तेजस्विनी मेली असती. दीनानाथांची तान विजेसारखी, झडप घालणारी. बुवांना हा गळा पुरता ठाऊक होता, कारण दीनानाथ त्यांच्याकडेच शिकले होते. म्हणून तेजस्विनीचं पारतंत्र्याच्या दुःखाचं पद रडकं होत नाही. दुःख शब्दांत राहतं आणि चाल पाश तोडायला निघते. समोर इंग्रजी राज्यातला प्रेक्षक बसलेला. नाटककाराला उघड बोलता येत नव्हतं ते तानेनं बोलून टाकलं.

चाल गळ्याला बेतलेली असली की भूमिका तिच्यात पुरती मावते. गंमत अशी, की तीच चाल मग दुसऱ्या गळ्यांनाही बोलावते. आशा भोसले यांनी ते पद गायलं तेव्हा तेजस्विनी नव्हती, रंगमंच नव्हता, १९२७ साल नव्हतं. आमच्या वऱ्हाडात तर ज्यांनी ते नाटक कधीच पाहिलं नाही, त्यांनीही गणपतीच्या मंडपात हे पद उचललेलं मी ऐकलं आहे. कुणाचा श्वास मध्येच तुटायचा, कुणाची तान घसरायची. पण म्हणणारा मान वर करून म्हणायचा.

दिवाळीतच मी भाच्याला त्या पदाची दीनानाथांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवली. खरखरीतून आवाज वर आला तसा तो सरसावून बसला आणि त्यानं शब्द लिहून मागितले. मी कागदावर लिहून दिले. तुमच्या घरीही असा कुणी खेळणारा असेल, तर त्याच्याही हाती असा कागद द्या.