उरलेल्या दीड किलोचं काय?

बाळापुरात माझं पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. संध्याकाळी ओट्यावर शेजारचे धान्याचे व्यापारी येऊन बसतात. आम्ही त्यांना शेटजीच म्हणतो. जैन आहेत, दिवस मावळायच्या आत जेवून येतात आणि मग निवांत बोलतात. त्या दिवशी मी आणि माझा पुतण्या रेडिओवर उडणाऱ्या कसरतीच्या विमानासाठी फोर-स्ट्रोक इंजिन निवडत बसलो होतो. वहीत आकडे मांडले होते. शेटजींनी चष्मा वर केला, आकडे वाचले आणि विचारलं, "इमान साडेतीन किलोचं, अन् इंजिन पाच किलो ओढते. उरलेल्या दीड किलोचं काय करता, भाऊ?"

पुतण्या घाईनं म्हणाला, "काका, सांगा ना त्यायले, हॉवरसाठी लागते." पण शेटजींनी विचारलं ते हॉवरबद्दल नव्हतंच. गरजेपेक्षा जास्त बळ जवळ ठेवणं हा परिग्रह, म्हणजे नको तो संग्रह, आहे की नाही, असं ते विचारत होते. पुढचे काही महिने मी त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

हॉवर म्हणजे काय, ते सांगतो. विमान नाक आभाळाकडे करून दोन पुरुष उंचीवर एका जागी उभं लटकत ठेवायचं. पुढे जाणं थांबलं की पंखांवरून वारा वाहत नाही आणि पंख निकामी होतात. सगळं वजन पंख्याला ओढून धरावं लागतं. शेपटीच्या पट्ट्यांना दिशा देण्यासाठी मिळतो तो फक्त पंख्यानं मागे फेकलेला झोत. विमान जागचं हलत नाही, तरी टाकी रिकामी होत जाते, कारण इंजिन सारखी हवा खाली लोटत असतं. धावायला लागत नाही इतकं बळ थांबायला लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साधी सरळ झेप याच विमानाला अर्ध्या थ्रॉटलवर जमते.

आणि नुसतं वजनाइतकं बळ असून भागत नाही. ओढ वजनाइतकीच असेल तर विमान लटकतं खरं, पण तिथून सुटू शकत नाही. जरा तोल गेला की खाली येतं. उरलेला दीड किलो सुटण्यासाठी असतो.

आमच्या वऱ्हाडात हा हिशोब आणखी कडक होतो. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा जवळपास एक दशांश विरळ असते. पंख्याला धरायला कमी हवा मिळते आणि इंजिनाच्या पोटातही कमी जाते. माहितीपत्रकातला आकडा थंड देशातला असतो. एप्रिलमध्ये मन नदीकाठच्या पडीत वावरात तो आकडा टिकत नाही.

हे मला एका अपघातानं शिकवलं. माझं आधीचं विमान दहा सीसीच्या टू-स्ट्रोकवर होतं. एका एप्रिलमध्ये उतरायला आणत होतो, तेवढ्यात बांधावरून एक पोरगा शेळ्या घेऊन आडवा आला. मी पूर्ण थ्रॉटल दिला, विमान उचललं नाही. शेळ्यांपासून पाच पावलांवर मातीत घुसलं. कुणाला लागलं नाही. पण तो पोरगा रडत होता आणि माझे हात रात्रीपर्यंत कापत होते. इंजिनाचा दोष नव्हता. वजन आणि उन्हाळा दोन्ही मी मोजायला हवे होते.

म्हणून शेटजींना मी म्हणालो, "तो दीड किलो त्या पोरासाठी आहे. चुकलं तर वर निघून जाता यावं म्हणून." अहिंसेला बळ लागतं, असं माझं म्हणणं होतं. ज्याच्याजवळ आवरायची ताकद नाही, त्याच्या हातून इजा होते, त्याची इच्छा कितीही चांगली असो.

शेटजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय. पन तुमी बळच मोजता. वजन कावून नाही मोजत?"

मग त्यांनी भोपळ्याची गोष्ट सांगितली. ज्ञाताधर्मकथा या जैन आगमात ती आहे. वाळलेल्या भोपळ्यावर मातीचे थर लिंपले की तो पाण्यात बुडतो. थर विरघळले की आपोआप वर येतो, त्याला कुणी ओढावं लागत नाही. जीव स्वभावतः वर जाणारा आहे आणि त्याला खाली धरून ठेवतं ते कर्माचं लिंपण, असं जैन दर्शन मानतं. गतीला साहाय्य करणारं द्रव्य धर्म आणि स्थितीला साहाय्य करणारं ते अधर्म, अशी त्यांची विभागणी आहे. तिथे या शब्दांचा पाप-पुण्याशी संबंध नाही. मला हे फार मोलाचं वाटलं. थांबणं ही नुसती गतीची गैरहजेरी नव्हे, त्यालाही आधार लागतो, हे त्या विचारवंतांनी वेगळं द्रव्य मानून नोंदवलं.

पुढे आम्ही दोघं पातूर-मालेगावच्या वाटेनं वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरला गेलो. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. दोन पंथांच्या वादात 1981 पासून बंद असलेलं मंदिर 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. शेटजींनी तरुणपणी जे पाहिलं होतं ते म्हातारपणी पुन्हा पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी मेकॅनिक आहे. मूर्तीखालून कापड जातं की नाही, हे तपासायची मला तिथे गरज वाटली नाही. मला एवढंच जाणवलं की पिढ्यान्पिढ्या माणसांनी पावित्र्याची खूण म्हणून वेग धरला नाही. हवेत स्थिर राहणं धरलं, आणि तेही निर्भार होऊन.

परत येताना गाडीत माझ्या डोक्यात साधा भागाकार चालू होता. वर ओढ, खाली वजन. उत्तर दीड यायला हवं. वरचा आकडा वाढवला तरी येतं, खालचा कमी केला तरी येतं. मी आजवर वरच्याच आकड्यामागे धावत होतो.

घरी येऊन विमान टेबलावर घेतलं. रंगाचा दुसरा हात खरवडून काढला. लोखंडी आसाच्या जागी पोकळ नळी बसवली. गरजेपेक्षा मोठी टाकी काढून लहान लावली. शोभेचा वैमानिक आणि त्याची काचेसारखी टोपी गेली. साडेतीन किलोवरून तीन किलो एकशेऐंशीवर आलो. उतरवलेल्या वजनातलं एकही ग्रॅम उडण्यासाठी लागत नव्हतं. सगळं मी कधीतरी हौसेनं चढवलेलं होतं.

मगच इंजिनाकडे वळलो. जपानच्या ओएस कंपनीनं 1976 मध्ये एफएस-60 काढलं आणि मॉडेल विमानांत फोर-स्ट्रोकचं युग सुरू झालं. त्यांची इंजिनं भरवशाची, पण अंगानं जड. दुसऱ्या, वायएस कंपनीचं इंजिन सगळ्यांत दांडगं. ते इंधन दाबाखाली ठेवतं आणि क्रँककेसमधल्या दाबानं सिलिंडरात जास्त मिश्रण कोंबतं. जागतिक कसरत स्पर्धांत त्यानं वर्षानुवर्षं राज्य केलं. आता तिथे बहुतेक विजेवरची विमानं आहेत. पण वायएसला नायट्रोमिथेन भरपूर लागतं, आणि ते आमच्याकडे सहज मिळत नाही. तिसरं सायटो. सिलिंडर आणि हेड एकाच तुकड्यात, त्यामुळे तेवढ्याच घनफळात हलकं, आणि मिथेनॉल-एरंडेलावर समाधानानं चालतं.

खरं सांगतो, मन वायएसवर होतं. त्याचं नाव घेतलं की पुतण्याच्या मित्रांत मान मिळाला असता. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येनं केलेली नाही, मूर्च्छेनं, म्हणजे आसक्तीनं केली आहे. त्या मापानं माझ्या मनातलं वायएस हा परिग्रह होता आणि दुकानातली चाळीस पान्यांची पेटी नव्हती. कापसाच्या भावावर ज्या तालुक्यात घरं उभी राहतात आणि मोडतात, तिथे खेळाच्या इंजिनावर पैसे घालताना माणसानं एवढं तरी स्वतःला विचारलं पाहिजे. मी वीस सीसीचं सायटो घेतलं. बळ घेणं चूक नाही, असंच मी आजही मानतो. पण आधी वजन उतरवावं आणि मग उरलेल्या वजनापुरतं, सुटण्याच्या शिलकीसह, बळ घ्यावं. उलट क्रमानं घेतलेलं बळ वजनच वाढवतं, कारण मोठ्या इंजिनाला मोठी टाकी, जाड नाक आणि जड पंखा लागतो.

फोर-स्ट्रोकच का, हेही सांगितलं पाहिजे. माझं बालपण विहिरीवरच्या किर्लोस्करच्या ऑइल इंजिनाच्या आवाजात गेलं. दट्ट्याच्या चार धावांत एकच धाव जोर देते. हवा ओढणं, दाबणं आणि धूर बाहेर टाकणं या बाकीच्या तिन्हींना जडचक्र वाहून नेतं. विमानात जडचक्राचं काम पंखा करतो. लहानपणी वडील मला त्या इंजिनाचे ठोके ऐकून बिघाड ओळखायला लावत. ते कान मला विजेच्या मोटारीवर वापरता येत नाहीत.

कार्तिकात सोयाबीन निघाल्यावर आम्ही वावरात गेलो. शेटजी बांधावर खुर्ची टाकून बसले. ताणकाट्यावर ओढ पाच किलोला थोडी कमी भरली. विमान अकरा सेकंद एका जागी लटकलं, डावीकडे सावकाश वळत.

उतरायच्या वेळी तोच पोरगा शेळ्या घेऊन बांधावर आला. मी थ्रॉटल पूर्ण उघडला. विमान त्याच्या डोक्यावरून पुष्कळ उंच निघून गेलं, आणि शेळ्या चरतच राहिल्या.