नवं दुखणं ऐकताना

माय म्हणते, "आज मांड्या लई ठणकायल्यात." ऐकणाऱ्याचं मन लगेच 'आजार पसरला' इथवर धावतं. धावू द्या. मग सावकाश श्वास सोडा आणि तिच्या बाजेवर बसा.

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयातून कॅन्सरची केमो घेऊन माणूस आपल्या गावी, कंधारला परततो, आणि नवं दुखणं बहुधा इथं, घरी सुरू होतं. डॉक्टर लांब असतात. पहिलं ऐकणं तुमच्याच वाट्याला येतं.

कुठं दुखतं ते तिला हातानं दाखवू द्या. ठणका आहे, आग आहे, की मुंग्या? किती दुखतं, हे डॉक्टर ० ते १० मध्ये विचारतात. तिला रुपयात किती आणे, असं विचारा. उत्तराला वेळ लागला तरी मधे बोलू नका.

आता केमोचं सलाइन कधी लागलं ते आठवा. पॅक्लिटॅक्सेलनंतर दोन-तीन दिवसांनी सांधे आणि स्नायू ठणकतात, बहुधा आठवडाभरात उतार पडतो. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं असेल, तर कंबर आणि मांडीची हाडं दुखतात, कारण हाडांतली मज्जा झपाट्यानं नव्या पेशी घडवत असते. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतलेल्याच्या बोटांना माठातलं गार पाणीही झोंबतं. इथं जरा थांबा. दुखणं आजाराचंच असतं असं नाही. औषधाचं असतं, कधी शरीर सावरण्याच्या खटपटीचंही असतं.

तरी निकाल आपण द्यायचा नाही. १००.४ फॅरनहाइट ताप, पाठदुखीसोबत पायांतलं बळ जाणं किंवा लघवी अडणं, एकाच पोटरीला सूज, छातीत दुखणं, दम लागणं, यांतलं काही असेल तर हे ऐकणं तिथंच सोडा. मध्यरात्र असली तरी फोन करा, निघा. ताप मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, त्यानं ताप झाकला जातो. मेडिकलवरून दुसरी दुखण्याची गोळी परस्पर आणू नका.

असं काही नसेल, तर बसून राहा. सिसिली साँडर्स या इंग्रज डॉक्टरबाईंनी १९६७ साली लंडनमध्ये मरणासन्न रुग्णांसाठी घर उघडलं. शरीराच्या वेदनेत मनाची, घरादाराची, श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, हे त्यांनी जगाला आग्रहानं सांगितलं. मायच्या ठणक्यातही ते असेल. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, लेकराची धावपळ तिच्या मनात असेल, तर ती बारा आण्यांचं दुखणं चार आणेच सांगेल. म्हणून आधी पैशाचं बोला. सोय झालीय, हे तिला पटू द्या. मग पुन्हा विचारा, आणि आता जे सांगेल ते तारखेसह वहीत लिहा.