तुटलेले पुन्हा जागेवर

शास्त्रवाचन : गलतीकरांस पत्र ६:१-२



१९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल टी मोटारीच्या स्टिअरिंगखाली दोन लहान दांडे असत. डावा ठिणगीची वेळ ठरवी, उजवा इंजिनाचा वेग. हँडल फिरवून गाडी सुरू करताना डावा दांडा योग्य जागी नसला, तर हँडल उलट फिरून माणसाचा हात मोडे. म्हणून अशी गाडी पूर्ववत करणारा जाणता कारागीर गंजलेल्या दांड्यास क्षुल्लक लेखत नाही, की लाकडी डॅशबोर्डला तडा गेला म्हणून तो फेकून देत नाही. तो गंज हळुवारपणे काढतो, तडा सांधतो व प्रत्येक भाग मूळ जागी बसवतो.

पौलाने येथे योजलेले 'काटार्टिझो' हे ग्रीक क्रियापद मार्काने (१:१९) याकोब व योहान जाळी नीट करीत होते, त्या प्रसंगी वापरले आहे. फाटलेले जाळे कोळी टाकत नाही. ते पुन्हा कामास योग्य करतो.

भाषांतर करताना हा शब्द तोलत असता मला एका बंधूची आठवण झाली. त्याचे पाऊल घसरले तेव्हा मी सत्यच बोललो, परंतु सौम्यतेने नव्हे. तो मंडळीत पुन्हा आला नाही. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. आचरण मात्र घडले नाही.

प्रियजनहो, आपल्या मंडळीत आज कोणाची जागा रिकामी आहे? या आठवड्यात त्याच्या दारी जाऊ या. मीही जाणार आहे. आपणही मोहात पडू शकतो, हे स्मरून जाऊ. प्रभू आपले हात सौम्य करो. आमेन.